डॉट इनचा सात-बारा कोणाच्या हातात? रजिस्ट्रीचा कारभार, ठेका आणि जाब

उंबरठा (धागाकर्ता)

भारतातल्या संकेतस्थळांच्या नावांचं शेपूट म्हणजे डॉट इन. त्याची यंत्रणा आजवर चार ठेकेदारांनी चालवली. २००५ पासून अफिलियास, २०१९ मध्ये न्यूस्टार, मग गोडॅडी आणि २०२५ पासून टुकोज. यातल्या तिसऱ्या नावापाशी जरा थांबा. गोडॅडीने डॉट इन टेंडर भरून मिळवलं नव्हतं. २०२० मध्ये त्यांनी न्यूस्टारचा रजिस्ट्रीचा धंदाच विकत घेतला आणि त्याच गाठोड्यात डॉट इनचं कामही गेलं. आज चाळीस लाखांच्या वर नावं असलेलं दप्तर सांभाळणारा बदलला, आणि त्या बदलाचं मूळ दिल्लीतल्या कुठल्या निर्णयात नव्हतं, दोन अमेरिकी कंपन्यांच्या सौद्यात होतं.

नव्यांसाठी आधी शब्द स्पष्ट करतो. रजिस्ट्री म्हणजे मूळ दप्तर: कोणतं नाव कोणाचं आणि ते कोणत्या नेमसर्व्हरकडे (नावाचा पत्ता सांगणाऱ्या यंत्राकडे) बोट दाखवतं, याची एकमेव नोंद. रजिस्ट्रार म्हणजे सेतू केंद्र, जिथून आपण अर्ज करतो, पैसे भरतो. नोंदणीधारक म्हणजे खातेदार. सेतू केंद्र पटलं नाही तर पुढच्या चौकातलं गाठता येतं, तलाठी मात्र बदलून मिळत नाही. एका टोकाला, म्हणजे डॉट इन, डॉट कॉम वगैरेला, रजिस्ट्री एकच असते. दोन असल्या तर एकच नाव दोघांना विकलं जाईल. म्हणजे ही मक्तेदारी टाळता येत नाही. तिला वेसण कशी घालायची, एवढंच आपल्या हातात आहे.

माझं म्हणणं असं: नियम करणारा, यंत्र चालवणारा आणि तंटा सोडवणारा हे तीन वेगळे हात हवेत, आणि प्रत्येकाला काढायची वाट आधीपासून कागदावर हवी. संस्था सरकारी, खासगी की सहकारी हा वाद त्यानंतर घालू. विरोधी मतांचं स्वागत आहे, फक्त तपशील देऊन बोला.

फेरफार

थोडा पाया घालतो, नाहीतर चर्चा हवेत राहील.

देशांच्या टोकांसाठी मूळ दस्तऐवज म्हणजे मार्च १९९४ चा आरएफसी १५९१ (इंटरनेटच्या तांत्रिक टिपणांपैकी एक), त्या काळी नावांचा कारभार पाहणाऱ्या जॉन पोस्टेल यांनी लिहिलेला. त्यात स्वच्छ म्हटलं आहे की टोक सांभाळणारा विश्वस्त आहे. मालकी-हक्काची भाषा इथे गैरलागू, जबाबदारी आणि सेवेची भाषा बोला. आपल्या शब्दांत, हे वतन नाही. कोणता देश म्हणजे देश हेही पोस्टेलनी स्वतः ठरवलं नाही, आयएसओ ३१६६ या देशांच्या कोडांच्या यादीवर सोपवलं. हा शहाणपणा किती मोठा होता ते पुढे कळलं. यादीतून कोड गेला की टोकही कालांतराने बंद होतं: युगोस्लाव्हियाचं डॉट वाययू २०१० मध्ये गेलं. आता जगभरच्या डोमेन नावांचा समन्वय करणाऱ्या आयकॅन या संस्थेच्या २०२२ च्या धोरणानुसार अशा टोकाला पाच वर्षं मिळतात, फार तर आणखी पाच. ब्रिटनच्या ताब्यातली चागोस बेटं मॉरिशसला द्यायचा करार झाल्यापासून त्याच बेटांच्या डॉट आयओवाल्यांची झोप उडाली आहे ती याचमुळे.

डॉट इन ८ मे १९८९ रोजी सोपवलं गेलं. पुढे वर्षानुवर्षं ते मुंबईत, जुहूच्या एनसीएसटी या सरकारी संशोधन संस्थेकडे होतं. नियम इतके कडक की २००४ पर्यंत नावांची संख्या सात हजारांच्या आसपासच राहिली. २००३ मध्ये निक्सी ही ना-नफा कंपनी स्थापन झाली, पुढे डॉट इन तिच्याकडे आलं, २००५ च्या सुरुवातीला नोंदणी सर्वांना खुली झाली आणि आकडा वर गेला. एसी डॉट इन व रेस डॉट इन हे भाग अर्नेटकडे (शिक्षण-संशोधन संस्थांचं जाळं), गव्ह डॉट इन एनआयसीकडे (सरकारचं संगणक केंद्र).

निक्सी कंपनी कायद्याच्या कलम ८ खाली आहे. तिच्या संचालक मंडळाच्या अध्यक्षस्थानी माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाचे सचिव असतात. कागदावर ना-नफा कंपनी, चालीत मंत्रालयाचा विभाग. उंबरठा म्हणतात त्या तीन हातांपैकी दोन इथे एकाच मनगटाला आहेत, तिसऱ्याचं बघू.

घाटावरचा

एक शंका. आयकॅन असताना निक्सीला नियम घालणारे आपण कोण? कराराने सगळं बांधलेलं असेलच की.

झोनफाइल

घाटावरचा, हाच गैरसमज सगळीकडे आहे. आयकॅनचा करार डॉट कॉम, डॉट ओआरजी, डॉट शॉप अशा सामान्य टोकांना लागू होतो. देशांची टोकं त्या कराराखाली येत नाहीत. आयकॅनला त्यांनी द्यायची वर्गणीसुद्धा ऐच्छिक असते. आयाना, जी २०१६ पासून पीटीआय या आयकॅनच्या उपसंस्थेमार्फत चालते, ती रूट झोनमधली (सगळ्या टोकांच्या सर्वांत वरच्या यादीतली) नोंद सांभाळते, तांत्रिक तपासणी करते, बस. डॉट इन रात्री दोन तास बंद पडलं तर आयकॅनला दंड करता येत नाही. दंड लावायचा तर निक्सीने आपल्या ठेकेदाराला लावायचा, आणि तो ठेक्यात लिहिला असेल तरच.

म्हणून सामान्य टोकांच्या करारातले आकडे डोळ्यांपुढे ठेवावेत, तोच मापाचा शेर आहे:

– नेमसर्व्हरची एकत्रित सेवा: महिन्यात शून्य मिनिटं बंद. एखादा सर्व्हर पडू शकतो, सगळे मिळून नाही.
– ईपीपी, म्हणजे रजिस्ट्रार ज्या दारातून नोंदी करतात ते: महिन्यात ८६४ मिनिटांपर्यंत बंद चालतं, म्हणजे ९८ टक्के हजेरी.
– नोंदणीची माहिती विचारायची सेवा: तेवढीच, ८६४ मिनिटं.
– नोंद बदलल्यावर नेमसर्व्हरवर दिसायला ६० मिनिटं.

सगळे नेमसर्व्हर किंवा डीएनएसएसईसी (उत्तर खरं असल्याची स्वाक्षरी-व्यवस्था) एका आठवड्यात चार तास बंद राहिलं, किंवा ईपीपी चोवीस तास, तर आयकॅन आपत्कालीन चालक नेमू शकते. ही तरतूद नुसती कागदावर नाही. डिसेंबर २०१७ मध्ये डॉट वेड या टोकासाठी ती प्रथम वापरली गेली.

या सगळ्याचा कणा म्हणजे डेटा एस्क्रो. रविवारी पूर्ण प्रत, बाकी सहा दिवस फरकाची प्रत, तिसऱ्या तटस्थ संस्थेकडे, कूटबद्ध करून. लोक एवढ्यावर निश्चिंत होतात. खरी चाचणी म्हणजे वर्षातून एकदा ती प्रत कोऱ्या यंत्रावर उतरवून झोन (टोकाखालच्या नावांची नेमसर्व्हरवरची यादी) तयार होतो का ते पाहणं. जिथे ही चाचणी होत नाही तिथे प्रती रोज जमा होतात आणि गरज पडली की कळतं, संपर्क-तक्ता रिकामा आहे किंवा कूटकिल्ली बदलल्याचं कोणी कळवलंच नव्हतं.

डॉट इनच्या ठेक्यात हे आकडे असतील तर ते दर महिन्याला जाहीर करायला हरकत काय? गुपित त्यात काहीच नाही.

उंबरठा

आणि ठेकेदार विकला गेला तर?

झोनफाइल

नियंत्रण-बदलाचं कलम. ठेकेदार कंपनीचा किंवा तिच्या त्या विभागाचा ताबा बदलणार असेल तर अमुक दिवस आधी लेखी सूचना, निक्सीची पूर्वसंमती, आणि संमती नसेल तर भरपाईशिवाय ठेका संपवायचा हक्क. सोबत बाहेर पडतानाच्या मदतीचं कलम: जुन्याने नव्याला किती महिने आणि कोणकोणत्या कामात साथ द्यायची ते नावानिशी. ‘आवश्यक ते सहकार्य करील’ एवढंच लिहिलं की भांडण ठरलेलं.

दुसरी गोष्ट जास्त नाजूक. गोडॅडी हा जगातला सर्वांत मोठा रजिस्ट्रार. टुकोजसुद्धा ओपनएसआरएस आणि ईनॉम यांमधून नावं विकतं. दप्तर सांभाळणाराच सेतू केंद्र चालवतो म्हटल्यावर त्याला काय काय दिसतं बघा: कोणतं नाव उपलब्ध आहे का म्हणून किती वेळा विचारलं गेलं, कोणत्या प्रतिस्पर्ध्याचे ग्राहक कधी सोडून जातात, कोणतं नाव कोणत्या मिनिटाला सुटणार. कोणी गैरवापर केला असं मी म्हणत नाही. आयकॅननेही २०१० मध्ये नव्या टोकांसाठी अशी दुहेरी मालकी मान्य केली, पण ती आचारसंहितेच्या अटीवर. आपल्याकडे निदान एवढं हवं: वेगळे कर्मचारी, वेगळी लॉगिनं, उपलब्धता-चौकशीच्या नोंदी रजिस्ट्रार शाखेला बंद, आणि वर्षातून एकदा बाहेरच्या लेखापरीक्षकाचा जाहीर अहवाल.

सभासद_क्र_४१२

महाराष्ट्रात बसून हा विषय बोलताना सहकाराची आठवण निघाली नाही, याचं नवल वाटतं. जर्मनीचं डॉट डीई डेनिक चालवते आणि डेनिक ही रीतसर सहकारी संस्था आहे, १९९६ पासून, फ्रँकफर्टला. सभासद म्हणजे नावं विकणाऱ्या कंपन्या. पावणेदोन कोटींच्या आसपास नावं तिथे बिनबोभाट चालतात.

ब्रिटनचं डॉट यूके नॉमिनेटकडे. तीही सभासदांची कंपनी, पण मतांचं वजन सभासदाच्या हाती किती नावं आहेत त्यावर, कमाल मर्यादा ३ टक्के. २०२१ मध्ये तिथे जे झालं ते आपल्याकडच्या कुठल्याही कारखान्याच्या सर्वसाधारण सभेला शोभेल. घाऊक दर वाढला होता, लोकहिताच्या कामांसाठीच्या देणग्या आटल्या होत्या, पैसा डोमेनबाहेरच्या उद्योगांत घातला जात होता, आणि सभासदांचा चर्चेचा मंच व्यवस्थापनाने बंद केला. सभासदांनी सह्या गोळा करून विशेष सभा मागितली. सभेच्या आदल्या दिवशी मुख्य अधिकाऱ्याने राजीनामा दिला. २२ मार्चला ५२.७ टक्के मतांनी अध्यक्षांसह पाच संचालक घरी गेले.

लक्षात घ्या, तिथे कोर्ट नाही, मंत्री नाही, आयकॅनही नाही. ब्रिटनच्या कंपनी कायद्यात ‘इतक्या मतांच्या मागणीवर सभा बोलवावीच लागेल’ ही तरतूद सभासदांसाठी होती म्हणून जमलं. निक्सीच्या घटनेत डोमेनधारकाला किंवा रजिस्ट्रारला अशी कोणती खुंटी आहे? निक्सीच्या वाहतूक-विनिमय केंद्रांत (पुरवठादारांची जाळी जोडणाऱ्या ठिकाणी) कनेक्शन घेणारे इंटरनेट पुरवठादार सभासद होऊ शकतात, नावं घेणारे चाळीस लाख मात्र कुठेच नाहीत.

पाचवा_खांब

४१२, नॉमिनेटचं उदाहरण अर्धंच सांगितलंत. मतांचं वजन नावांच्या संख्येवर असल्याने ती लढाई शेवटी मोठे रजिस्ट्रार कोणीकडे झुकतात यावर ठरली. सामान्य खातेदाराला तिथेही मत नाही. सहकारात ‘एक सभासद एक मत’ असतं, म्हणून लगेच सुटका होत नाही. दोनशे रुपये भरून हजार बेनामी सभासद उभे करणं किती सोपं असतं ते आपल्याला शिकवायला नको.

मला ब्राझील जास्त पटतं. सीजीआय डॉट बीआर ही समिती १९९५ पासूनची. एकवीस जागा: नऊ सरकारच्या, चार उद्योगांच्या, चार नागरी संस्थांच्या, तीन विद्यापीठ-संशोधन क्षेत्राच्या आणि एक विषयातल्या जाणत्याची. नऊ विरुद्ध बारा. सरकारची खुर्ची पक्की, पण एकट्याच्या बळावर ठराव होत नाही. उद्योग, संस्था आणि विद्यापीठांच्या जागा त्या त्या क्षेत्राच्या निवडणुकीने भरतात. समिती धोरण ठरवते आणि एनआयसी डॉट बीआर ही वेगळी संस्था ते अमलात आणते. डॉट बीआरच्या शुल्कातून देशाचं सायबर आपत्ती पथक, वाहतूक-विनिमय केंद्रं आणि इंटरनेट वापराची सर्वेक्षणं चालतात, आणि कोणता पैसा कुठे गेला हे कळतं.

निक्सीकडेही वाहतूक-विनिमय केंद्रं आहेतच, म्हणजे साचा फार लांबचा नाही. कमी पडते ती बारा खुर्च्यांची दुसरी बाजू.

घाटावरचा

पण सरकारचा हात सैल केला की काय होतं तेही सांगा कोणीतरी. सगळे सरकारलाच झोडपताहेत.

फेरफार

सांगतो, तुमचा मुद्दा खरा आहे.

टोकेलाऊ हा न्यूझीलंडच्या अखत्यारीतला बेटसमूह, वस्ती दीड हजारांची. त्याचं डॉट टीके, शिवाय माली, गॅबन, मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक आणि विषुववृत्तीय गिनी यांची टोकं, एका डच उद्योगाने म्हणजे फ्रीनॉमने फुकट नावं वाटायला घेतली. फुकट नाव म्हणजे फिशिंगवाल्यांना आंदणच. २०२३ च्या सुरुवातीला नवी नोंदणी बंद पडली, मार्चमध्ये फेसबुकची मालक असलेल्या मेटाने फ्रीनॉमवर केलेला दावा उघड झाला, नोव्हेंबरमध्ये आयकॅनने त्यांची रजिस्ट्रार म्हणून मान्यता काढली. त्याआधी जूनमध्ये गॅबनने आपलं टोक परत घेतलं तेव्हा सुमारे ७० लाख नावं एका फटक्यात काढून टाकावी लागली, कारण त्यामागे खरा धारक कोण याचा पत्ताच नव्हता. सरकारांनी ठेका दिला आणि वर्षानुवर्षं मागे वळून पाहिलं नाही, त्याचं हे फळ.

उलट बाजूही आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनने आयकॅनला डॉट आरयू रूटमधून काढायची विनंती केली. २ मार्चला आयकॅनने नकार दिला: आम्ही एकतर्फी टोक तोडत नाही. त्या दिवशी ते उत्तर अनेकांना निष्ठुर वाटलं. पण उद्या डॉट इनबाबत कोणी असंच पत्र लिहिलं तर आपल्याला कोणतं उत्तर आवडेल?

ताक_आणि_लोणी

पैशाचं कोणी बोलत नाही, मी बोलते.

डॉट कॉमचा घाऊक दर ऑगस्ट २०२१ पर्यंत ७.८५ डॉलर होता. अमेरिकी सरकारने २०१८ मध्ये डॉट कॉम चालवणाऱ्या व्हेरिसाइनला सहा वर्षांच्या मुदतीतल्या शेवटच्या चार वर्षांत दरसाल ७ टक्के वाढ करायची मुभा दिली. मग ८.३९, ८.९७, ९.५९ आणि सप्टेंबर २०२४ मध्ये १०.२६. फरक २.४१ डॉलर. नावं पंधरा कोटींच्या वर. गुणाकार करा: वर्षाला ३६ कोटी डॉलर जास्त, तेच यंत्र, तीच नावं. आणि नाव सोडून जाणार कुठे? पाटी, पावती, ईमेल सगळीकडे तेच छापलेलं.

डॉट ओआरजीची गंमत वेगळी. आयकॅनने ३० जून २०१९ रोजी दरावरची १० टक्क्यांची वार्षिक मर्यादा उठवली, जाहीर सूचनांत विरोधाचा पाऊस पडलेला असताना. नोव्हेंबरमध्ये बातमी: ही रजिस्ट्री इथॉस कॅपिटल या खासगी गुंतवणूक संस्थेला १.१३५ अब्ज डॉलरला विकणार, त्यातले ३६ कोटी डॉलर कर्जाचे. कर्ज फेडणार कोण? धर्मादाय संस्था, ग्रंथालयं, दवाखाने. कॅलिफोर्नियाच्या महाधिवक्त्यांनी पत्र लिहिलं आणि ३० एप्रिल २०२० रोजी आयकॅनने सौद्याला संमती नाकारली. पुढे २०२२ च्या अखेरीस स्वतंत्र पुनर्विलोकन मंडळाने असंही ठरवलं की मर्यादा उठवताना आयकॅनने स्वतःचेच उपनियम मोडले.

दराबद्दल माझी मागणी साधी: वाढीचं सूत्र करारात, वाढ लागू होण्याआधी सहा महिने सूचना, आणि त्या सहा महिन्यांत जुन्या दराने दहा वर्षांपर्यंत आगाऊ नूतनीकरण. नव्या ग्राहकाला स्वस्त आणि नूतनीकरणाला महाग असा खेळ रजिस्ट्रीच्या पातळीवर बंद.

झोनफाइल

ताक_आणि_लोणी, सामान्य टोकांना सहा महिन्यांची सूचना आणि दहा वर्षांचं आगाऊ नूतनीकरण ही अट करारातच असते. म्हणजे मागणी अवाजवी नाही, डॉट इनलाही लावता येईल.

उंबरठा

तंट्याकडे वळू. फेरफार, तुम्ही तिसरा हात अर्धवट सोडला होता.

फेरफार

आयकॅनच्या यूडीआरपीत, म्हणजे नावांच्या तंट्यांच्या नियमावलीत, तक्रारदाराला सिद्ध करावं लागतं की नाव वाईट हेतूने नोंदवलं आणि वापरलं. डॉट इनच्या तशाच नियमावलीत, आयएनडीआरपीत, तिथे ‘किंवा’ आहे. एका शब्दाने पारडं ट्रेडमार्कवाल्याकडे झुकतं. कोणी दहा वर्षांपूर्वी भाबडेपणाने घेतलेलं नाव आज वादग्रस्त ठरू शकतं.

दुसरा फरक नेमणुकीचा. यूडीआरपीत रजिस्ट्री बाजूला असते. वायपोसारखी (जागतिक बौद्धिक संपदा संघटना) संस्था प्रकरण चालवते आणि हवं तर तिघांचं मंडळ मागता येतं. इथे लवाद निक्सीच्याच यादीतून, निक्सीच नेमते, एकटाच. निकाल १९९६ च्या लवाद कायद्याखाली, म्हणून आव्हान कलम ३४ च्या अरुंद दारातून. निकाल संकेतस्थळावर येतात ही जमेची बाजू. पण यादी कोण करतं, कोणाला किती प्रकरणं मिळाली, किती वेळा धारक जिंकला, याचा वार्षिक तक्ता हवा. फिरत्या क्रमाने नेमणूक केली तरी निम्मा संशय जाईल.

न्यायालयांबद्दल एकच सांगतो. जून २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्या. गौतम पटेल यांनी हिंदुस्तान युनिलिव्हरच्या प्रकरणात तांत्रिक भेद फार नेमका पकडला: रजिस्ट्रार नोंदणी निलंबित करू शकतो, पण संकेतस्थळ ‘ब्लॉक’ करणं त्याच्या हाती नाही, आणि नोंदणी रद्द केली तर नाव पुन्हा बाजारात येतं, कोणीही उचलावं. वकील मंडळी अजूनही अर्जात सगळे शब्द एकाच वाक्यात घालतात.

झोनफाइल

यालाच जोडून. रजिस्ट्रीने ‘सर्व्हर होल्ड’ लावला की नाव झोनमधूनच निघतं. फक्त एक पान नाही, त्या नावाखालचे सगळे उपविभाग आणि ईमेलही बंद. एका दुकानाच्या पानावर तक्रार आली म्हणून मूळ नाव होल्ड केलं तर शेजारची तीनशे दुकानं बुडाली. म्हणून क्रम ठरलेला हवा: आधी होस्टिंगवाला, मग रजिस्ट्रार, शेवटी रजिस्ट्री. फक्त फिशिंगसाठीच मुद्दाम घेतलेलं नाव असेल तर थेट होल्ड योग्य, तिथे तासांचा प्रश्न असतो. पण कोणाच्या आदेशाने, कोणत्या कलमाखाली, दाद कुठे मागायची, हे धारकाला त्याच दिवशी कळवलं पाहिजे, आणि तेही त्याच नावावरच्या ईमेल पत्त्यावर नाही! तो पत्ता होल्डमुळे बंद झालेला असतो. ही चूक इतकी सर्रास होते की हसावं की रडावं कळत नाही.

घाटावरचा

बरं, ठेकेदार बदलताना नक्की काय बिघडू शकतं? चाळीस लाख नावं एका रात्रीत हलवायची म्हणजे.

झोनफाइल

नावांचा विदा हलवणं सोपं, स्वाक्षऱ्या हलवणं अवघड.

आधी हे समजून घ्या की निक्सी तीच राहते, त्यामुळे आयानाच्या दृष्टीने हे पुनर्सोपवणूक नसून साधा तांत्रिक बदल आहे. तरी तपासणी होते: किमान दोन नेमसर्व्हर, वेगवेगळ्या जाळ्यांत, यूडीपी आणि टीसीपी दोन्हींवर अधिकृत उत्तर देणारे, आणि रूटमधली डीएस नोंद (टोकाच्या स्वाक्षरी-कळीचा ठसा) झोनमधल्या कळीशी जुळणारी.

मग क्रम असा. नव्या चालकाची सार्वजनिक कळी जुन्याच्या कळी-संचात आणि जुन्याची नव्याच्यात घालायची. रूटमध्ये दोघांच्याही डीएस नोंदी. त्यांची मुदत एक दिवस, तेवढं थांबायचं. मग ईपीपी बंद करून शेवटची प्रत उतरवायची, संख्या जुळवायची: नावं, होस्ट, संपर्क, ट्रान्स्फरच्या अधांतरी विनंत्या, रिडेम्प्शनमध्ये (रद्द झालेलं नाव सोडवून घ्यायच्या काळात) अडकलेली नावं. मग नेमसर्व्हर बदल. रूटमध्ये त्यांची मुदत दोन दिवस, म्हणून जुने सर्व्हर त्यानंतरही काही दिवस ताजी उत्तरं देत राहिले पाहिजेत. शेवटी जुनी डीएस काढायची. जुना ठेकेदार रुसून बसला तर पहिली पायरीच होत नाही. मग डीएनएसएसईसी तात्पुरतं उतरवून जावं लागतं, म्हणजे मधले काही दिवस स्वाक्षरीविना.

आणि बिघाड पाहायचा तर परदेशात भरपूर आहेत. १२ ऑक्टोबर २००९, स्वीडन: झोन बनवणाऱ्या स्क्रिप्टमध्ये नावाच्या शेवटचं टिंब राहिलं. टिंब नसलं की पुढे टोक आपोआप चिकटतं, त्यामुळे प्रत्येक नाव ‘डॉट एसई डॉट एसई’ झालं. दुरुस्ती तासाभरात झाली, पण चुकीची उत्तरं जगभरच्या कॅशमध्ये मुरली होती. १२ मे २०१०, जर्मनी: अर्धवट कॉपी झालेली झोन फाइल बऱ्याच सर्व्हरवर गेली. ते बंद पडले असते तर बरं झालं असतं! ते चालू राहिले आणि असलेल्या नावांबद्दल ‘असं नाव नाही’ म्हणू लागले. सर्व्हर गप्प असला तर ईमेल पुन्हा प्रयत्न करतं. ‘नाव नाही’ म्हटलं की पत्र तिथूनच परत. ३० जानेवारी २०२४, रशिया: डीएनएसएसईसीतली चूक, आणि स्वाक्षरी तपासणाऱ्या प्रत्येकासाठी डॉट आरयू गायब.

तिन्हींवर उपाय स्वस्त. नवा झोन मागच्याशी ताडून बघा, नोंदी ठरावीक टक्क्यांपेक्षा जास्त घटल्या-वाढल्या तर वाटप आपोआप थांबवा. स्वाक्षऱ्या ज्या सॉफ्टवेअरने केल्या त्याने न तपासता दुसऱ्याने तपासा. आणि बिघाडानंतर कारणांसह अहवाल प्रसिद्ध करा. जर्मनी, स्वीडनने काय चुकलं ते सांगितलं म्हणून तर आपण आज त्याबद्दल बोलतोय.

आडनावात_ळ

तुमचं सगळं डॉट इनवर चाललंय, डॉट भारतकडे कोणी बघितलं? २७ ऑगस्ट २०१४ ला देवनागरीत सुरू झालं. एकच टोक, आणि त्यात हिंदी, मराठी, कोकणी, नेपाळी, बोडो, डोगरी, मैथिली, सिंधी अशा आठ भाषा. म्हणजे अक्षरांचा तक्ता कोण ठरवणार हाच इथे कारभाराचा प्रश्न.

‘दर्या’ आणि ‘दऱ्या’. मराठी माणसाला समुद्र आणि डोंगरातली खोलगट जागा वेगळी दिसते, हिंदीवाल्याला दुसरा शब्द छपाईची चूक वाटते. तो ऱ दोन प्रकारे टंकता येतो: ऱ हे स्वतंत्र अक्षर अधिक हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि मधे अदृश्य जोडवर्ण. पडद्यावर एकच, यंत्राला दोन नावं. रूट झोनच्या नियमांत अदृश्य जोडवर्ण चालतच नाही. दुसऱ्या पातळीवर, म्हणजे टोकाच्या आधीच्या नावात, तो संदर्भाने चालू शकतो, त्यामुळे रजिस्ट्रीने पहिलाच प्रकार घ्यावा आणि दुसरा त्याच धारकासाठी राखून ठेवावा. नाहीतर फिशिंगला आयतं दार.

आणखी एक, लांबीचं. एका घटकाची मर्यादा ६३, पण ती यंत्रासाठी नावाचं जे रोमन रूप करतात त्यावर मोजतात, पुढच्या ठरलेल्या चार चिन्हांसकट. त्यामुळे मराठी नावाला प्रत्यक्षात बरीच कमी अक्षरं मिळतात, आणि काना-मात्रा-हलन्त प्रत्येक वेगळा मोजला जातो. ‘ज्ञानेश्वर’ लिहिताना दिसतात चार अक्षरं, संकेतबिंदू (यंत्र मोजतं ती चिन्हं) दहा. फॉर्मवर ‘६३ अक्षरांपर्यंत’ लिहिणाऱ्यांनी हे करून बघावं.

सभासद_क्र_४१२

वाहवा. बारा खुर्च्यांत एक भाषावाल्यांची धरा रे!

जाता जाता नागरी सहकारी बँकांबद्दल, कारण देशात सर्वांत जास्त आपल्याच राज्यात आहेत. रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत बँक डॉट इनवर जायला सांगितलं होतं, रजिस्ट्रार एकच, हैदराबादचं आयडीआरबीटी, रिझर्व्ह बँकेनेच स्थापलेली संस्था. बंद कुंपणाचा विभाग ही कल्पना चांगली: आत फक्त बँका. पण स्थलांतर झाल्यावर जुन्या नावाचं काय करायचं, यावर ठोस कोणी सांगेल का? काही ठिकाणी खर्च वाचवायला जुनं नाव सोडून द्यायची भाषा ऐकू येते.

झोनफाइल

सोडू नका, अजिबात. सोडलेलं नाव नूतनीकरणाची सवलत, मग ३० दिवस रिडेम्प्शन, मग ५ दिवस प्रतीक्षा एवढं करून बाजारात येतं, आणि बँकेचं जुनं नाव घ्यायला माणसं टपलेली असतात. जुन्या पत्त्यावर येणारी ग्राहकांची पत्रं, पासवर्ड बदलायच्या लिंका, विक्रेत्यांच्या पोर्टलवरची खाती सगळं त्याच्याकडे जातं.

जुनं नाव दहा वर्षांसाठी भरून टाका, रजिस्ट्रारकडे आणि शक्य असेल तिथे रजिस्ट्रीकडेही लॉक लावा. संकेतस्थळ कायमस्वरूपी पुनर्निर्देशनाने नव्याकडे वळवा आणि त्यासाठी जुन्या नावाचं टीएलएस प्रमाणपत्र चालू ठेवा. ते संपलं की ब्राउझर वळवण्याआधीच लाल पाटी दाखवतो. जुन्या नावावरून पत्र पाठवणं बंद करा: एसपीएफमध्ये (कोण पत्र पाठवू शकतं त्या नोंदीत) कोणालाही परवानगी नाही, डीमार्क (तोतया पत्रांचं काय करायचं ती नोंद) ‘रिजेक्ट’. येणारी पत्रं मात्र किमान दोन वर्षं स्वीकारा आणि कोण अजून जुन्यावर लिहितंय त्याची यादी काढत जा. आणि रजिस्ट्रारकडच्या खात्याचा संपर्क ईमेल त्याच जुन्या नावावर असेल तर तो आजच बदला.